पावसाळ्यात न कुजणारा तळ: सापाच्या पेटीसाठी घरी केलेला फायबरचा ट्रे

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला की पुढचे चार महिने घरातलं लाकूड पाणी पीतच राहतं. कपाटांचे दरवाजे फुगतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. अशा घरात प्लायवूडची पेटी, तिच्यात मुद्दाम ओलसर ठेवलेला नारळाच्या सोडणांचा चुरा आणि त्यावर बॉल पायथन. आमच्या डिचोलीच्या घरातल्या पेटीचा तळ दुसऱ्याच पावसाळ्यात बोटाने दाबला तर आत जाऊ लागला. वरून पॉलिशचे चार हात दिलेले होते, सांध्यांत सिलिकॉन भरलेलं होतं. पाणी मात्र एका कोपऱ्यातल्या केसाएवढ्या फटीतून खाली उतरलं आणि तळाखाली काळी बुरशी पसरली. साप त्या बुरशीपासून अठरा मिलिमीटरवर झोपत होता, हे कळलं त्या दिवशीच ठरवलं की आता सांधा नसलेला तळ हवा.

पत्र्याच्या ट्रेला कोपऱ्यात जोड येतोच, आणि इथल्या खाऱ्या हवेत जोडापासूनच गंज धरतो. प्लास्टिकचे तयार ट्रे बागकामाच्या दुकानात मिळतात, पण ४ फूट × २ फूट मापाचा, पेटीत नेमका बसणारा मिळत नाही. फायबरचा ट्रे एकसंध होतो, तुमच्याच मापाचा होतो आणि बाहेर ओढून नळाखाली धुता येतो. अवघड म्हणावं असं यात फारसं काही नाही. पण जिथे थांबायचं तिथे माणूस थांबत नाही आणि काम तिथेच बिघडतं. ट्रे दोन दिवसांत तयार होतो, साप मात्र त्यात महिन्याभराने जायला हवा. मधल्या दिवसांबद्दल मी पुढे जास्त लिहिलं आहे, कारण जनावराच्या जिवाशी गाठ आहे ती तिथे.

आधी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप, घोरपड, कासवं घरात पाळता येत नाहीत. पावसात रस्त्यावर आलेलं कासव किंवा बाजारात चोरून विकलं जाणारं तारा कासव ‘वाचवण्यासाठी’ घरी आणणं हाही गुन्हाच; वनखात्याला कळवा. बॉल पायथन आफ्रिकेतला आणि साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टातला. असे परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसतील तर ट्रेचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते पाहा.

कधी करायचं, सामान काय लागतं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते आणि दुपारचं तापमान तिशीच्या आसपास राहतं. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला भिजवून घट्ट होणारं रेझिन. पावसाळ्यात मॅट दमट होते, दमट मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही आणि ट्रे कच्चा राहतो. एप्रिल-मेमध्ये उलट अडचण, डब्यातलं रेझिन हातातच दगड होतं. मालीमच्या जेटीकडे होड्यांना फायबर चढवणाऱ्या एका वयस्क कारागिरांना मी मे महिन्यात विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी मला सरळ दिवाळीनंतर यायला सांगितलं. मी ऐकलं, आणि बरं झालं.

सामानासाठी मुद्दाम मुंबईला जायला नको. किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांची कामं वर्षभर चालतात, त्यामुळे मोठ्या शहरांत रेझिन-मॅट विकणारं दुकान चौकशी केली की सापडतं. एका ट्रेसाठी मी आणलेलं सामान असं: चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुटक धाग्यांची) दीड किलो, पॉलिएस्टर रेझिन ४ किलो, आयसो जेलकोट (साच्यावर आधी लावायचा, ट्रेचा गुळगुळीत पृष्ठभाग होणारा थर; आयसो ही त्याची जात) १ किलो, रेझिन घट्ट करणारा हार्डनर १०० मिली, अ‍ॅसिटोन १ लिटर, सिलिकॉन नसलेलं वॅक्स पॉलिश, साच्याला ट्रे चिकटू नये म्हणून लावायचं थोडं पीव्हीए आणि शेवटच्या हाताच्या जेलकोटमध्ये घालायचं वॅक्स सोल्युशन. शिवाय तीन-चार स्वस्त ब्रश आणि एक खाचांचा लोखंडी रोलर. रोलर महाग वाटतो, पण तो टाळू नका.

हा हिशेब कसा आला ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या मापाला तो लावता येईल. माझ्या पेटीची आतली जागा १२०० × ५९० मिमी. चारी बाजूंना ५ मिमी सोडून ट्रेचा बाहेरचा काठ ११९० × ५८०, खोली १०० मिमी. तळ, भिंती आणि कापून टाकायचा जादा काठ मिळून पृष्ठभाग साधारण १.१ चौरस मीटर. त्यावर मॅटचे दोन थर आणि तळाला एक जादा थर, म्हणजे सव्वा किलो मॅट. अशा मॅटला वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे तीन किलोंच्या थोडं वर. एक थर सुमारे १ मिमी जाडी देतो, त्यामुळे तळ ३ मिमी आणि भिंती २ मिमी होतात. सापाला आणि सोडणांच्या चुऱ्याला एवढं पुरे.

जेलकोट आयसोच घ्या. साधा जेलकोट पाण्याच्या सतत संपर्कात काही वर्षांनी फोड धरतो. मागच्या थरांना साधं जनरल पर्पज रेझिन चालतं.

इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनबद्दल बरेच जण विचारतात. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाचा उग्र वास तिला नसतो हे खरं. पण या मॅटमधले धागे ज्या चिकटद्रव्याने धरलेले असतात ते स्टायरीनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही. त्यामुळे मॅट मऊ पडून कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सी वापरायची तर विणलेलं कापड घ्या. आणि आपल्या दमट हवेत तिच्यावर मेणचट साय धरते, ती प्रत्येक थरापूर्वी कोमट पाण्याने धुवावी लागते. चिकाटी असेल त्याने तो मार्ग धरावा. मी पॉलिएस्टरवर राहिलो.

साचा

फायबरची साच्याला टेकलेली बाजू गुळगुळीत होते, दुसरी खरबरीत राहते. सापाला आतली बाजू गुळगुळीत हवी, म्हणून साचा म्हणजे पालथा घातलेला ट्रे. एका मोठ्या पाटावर उलटं खोकं बसवायचं आणि फायबर त्यावरून, पाटावर पसरलेल्या काठासकट चढवायचं.

सुताराकडून जुन्या सनमायका लावलेल्या प्लायचे तुकडे मागून आणा. सनमायकावरून फायबर छान सुटतं. पाटाजवळ, म्हणजे ट्रेच्या तोंडाशी, खोकं ११४० × ५३० मिमी आणि वरच्या बाजूला, जिथे ट्रेचा तळ येणार, ११२६ × ५१६ मिमी. हा दर बाजूचा ७ मिमीचा उतार विसरलात तर ट्रे साच्यातून निघणार नाही. अगदी सरळ भिंतींचा साचा मी एकदा केला होता. ट्रे निघाला, पण साचा फोडून.

खोक्याच्या वरच्या सगळ्या कडा आणि कोपरे घासून निदान १२ मिमी गोल करा. मॅट धारदार कडेवर वाकत नाही, ती उचलली जाते आणि खाली हवा राहते. तो पोकळ कोपरा बाहेरून दिसत नाही. सहा महिन्यांनी धुताना अंगठ्याखाली कटकन फुटतो. शिवाय गोल कोपऱ्यात विष्ठा साठत नाही, एका फडक्यात तो साफ होतो. खोकं आणि पाट जिथे भेटतात तिथेही लांबी भरून गोलाई द्या. गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्याला वापरतात ती पॉलिएस्टरची लांबी घ्या. वाळल्यावर १२०, मग २२०, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा ट्रेवर उमटतो.

साचा थर्मोकोलचा करू नका. पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल विरघळवतं.

आता वॅक्स. पातळ हात, पंधरा मिनिटं थांबा, मऊ फडक्याने चकाकी येईपर्यंत घासा, तासभर थांबा, पुन्हा. नव्या साच्याला असे सहा हात द्या. कोपरे आणि लांबीची जागा सगळ्यात आधी चिकटते, तिथे बोटाने वॅक्स लावा. शेवटी स्पंजाने पीव्हीएचा पातळ थर द्या. तो वाळला की साच्यावर एक नाजूक पापुद्रा तयार होतो. धूळ बसू देऊ नका.

रसायनांशी वागणं

हे नीट वाचा, दोनदा वाचा. रेझिन घट्ट होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: जांभळसर कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी. हे दोन द्रव थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. मालीमच्या त्या कारागिरांनी मला पहिल्यांदा सांगितलेलं वाक्य हेच होतं: “पयलीं कोबाल्ट, मागीर हार्डनर. दोगांक केन्नाच एकठांय हाडूं नाकात.” घरी काम करणाऱ्याने याहून सोपा मार्ग धरावा. दुकानातूनच कोबाल्ट मिसळलेलं रेझिन मागा आणि घरी कोबाल्टची बाटली आणूच नका.

हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. बाजूने बंद असलेला चष्मा बाटली उघडण्याआधी लावा. काही उडालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. हातात नायट्राइलचे मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सदरा. तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीच्या काडतुसांचा मास्क हवा. कापडी मास्क किंवा एन-९५ स्टायरीन अडवत नाही. काम उघड्या पडवीत करा. जवळ पेटती उदबत्ती, समई, गॅस काही नको. साप आणि घरातली मुलं दोन्ही दुसऱ्या टोकाला, दारं बंद करून.

उरलेलं रेझिन डब्यात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं. ते कचऱ्याच्या बादलीत टाकू नका, अंगणात मातीवर पसरून घट्ट होऊ द्या. हार्डनर सांडलेली फडकी पाण्याच्या बादलीत बुडवून बाहेर ठेवा.

प्रमाण वजनाने १ टक्का. म्हणजे ५०० ग्रॅम रेझिनला ५ मिली हार्डनर, सुईविना सिरिंजने मोजून. एकाच्या खाली गेलात तर ट्रे कायमचा कच्चा राहतो, दोनच्या वर जाऊ नका. एका वेळी ५०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. आदल्या दिवशी, ज्या वेळेला काम करणार त्याच वेळेला, १०० ग्रॅम रेझिन १ मिली हार्डनर घालून कपात ठेवा आणि घड्याळ लावा. माझ्या पडवीत डिसेंबरच्या सकाळी नऊ वाजता ते २२ मिनिटांत जेलीसारखं झालं. तेवढाच वेळ आपला, त्यातली शेवटची पाच मिनिटं सोडून.

जेलकोट आणि मॅट

जेलकोटमध्ये १ टक्का हार्डनर घालून हळूहळू कालवा, बुडबुडे येऊ देऊ नका. जेलकोटच्या १ किलोतला साधारण ६०० ग्रॅम इथे लागतो, तोही दोन हातांत. पहिला हात बोट लावल्यावर चिकट लागतो पण बोटाला काही येत नाही, अशा वेळी दुसरा द्या. पातळ लावलात तर पुढे त्यावर रेझिन पडताच तो मगरीच्या पाठीसारखा सुरकुततो. रंग निवडायचा असेल तर फिका राखाडी घ्या. त्यावर गोचीड, रक्ताचा ठिपका किंवा नको तितकी पातळ विष्ठा लगेच दिसते. हे रंगरूपापेक्षा महत्त्वाचं आहे.

मॅट आधीच कापून, तुकड्यांवर नंबर घालून ठेवा. तळाचा तुकडा, चार भिंतींचे पट्टे, कोपऱ्यांचे छोटे तुकडे. कडा कात्रीने सरळ कापण्यापेक्षा हाताने फाडा. फाटलेली कड विरळ होते आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. तुकडे एकमेकांवर चार-पाच सेंटिमीटर चढले पाहिजेत.

दुसरा हात तसाच चिकटसर झाला की त्याच दिवशी पहिला थर. आधी पृष्ठभागावर रेझिन लावा, त्यावर मॅट ठेवा, मग वरून रेझिन. ब्रश ओढू नका, ठोका. ओढलात तर धागे ब्रशबरोबर निघून येतात. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते. पांढरं राहिलेलं ठिकाण म्हणजे कोरडी मॅट किंवा हवा. तिथे रोलर फिरवा, मधून कडेकडे. सगळ्यात जास्त वेळ कोपऱ्यांना द्या, मी चार कोपऱ्यांना मिळून तळाएवढाच वेळ दिला. जास्त रेझिन ओतून कोपरा भरायचा मोह होतो; धागे नसलेलं रेझिन काचेसारखं तडकतं, तेव्हा तो आवरा.

पहिला थर घट्ट झाला की दुसरा, आणि तळाचा तिसरा थर त्याच्या पाठोपाठ. तळाच्या बाहेरच्या बाजूला अर्धे चिरलेले पाऊण इंची विजेच्या पाइपचे तीन तुकडे आडवे ठेवून त्यांच्यावरून मॅटच्या पट्ट्या चढवा. ट्रे ताठ होतो आणि पेटीच्या तळापासून थोडा उचलून राहतो. खालून हवा खेळली तर प्लाय वाळतं. ट्रे करायला सुरुवात केली ती याच कारणासाठी.

शेवटचा थर ठोकून झाल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास जवळच थांबा. रेझिन चामड्यासारखं झालं, नख रुततं पण चिकटत नाही, अशी एक छोटी वेळ येते. त्या वेळी धारदार कटरने काठ आखलेल्या रेषेवर कापा. लोण्यासारखा कापला जातो. ही वेळ चुकली तर ग्राइंडर, काचेची धूळ आणि दोन दिवस अंगाला खाज. खाज सुटलीच तर चोळू नका, गार पाण्याने धुवा.

सोडवणं

पूर्ण एक दिवस हात लावू नका. मग काठाखाली लाकडाच्या पातळ पाचरी चारी बाजूंनी थोड्या-थोड्या सरकवा आणि फटीत पाणी ओता. पीव्हीए पाण्यात विरघळतं, पाणी आत शिरलं की पटपट आवाज करत ट्रे सुटायला लागतो. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, जेलकोटला तडा जातो.

पाठीमागची, हवेकडे असलेली बाजू तुम्हाला चिकट लागेल. हवेशी संपर्क असला की पॉलिएस्टरचा वरचा पापुद्रा पूर्ण पिकत नाही. ती बाजू अ‍ॅसिटोनने पुसून, ८० नंबरच्या पेपरने घासून उरलेल्या ४०० ग्रॅम जेलकोटमध्ये वॅक्स सोल्युशन घालून तो एक हात द्या. सोल्युशनचं प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं. मेण वर तरंगून हवा अडवतं आणि थर कोरडा होतो. कापलेल्या कडांनाही तोच हात, नाहीतर उघड्या धाग्यांतून पाणी आत ओढलं जातं. याच कारणाने सापाच्या ट्रेला पाणी सोडायचं भोक मी पाडत नाही.

पिकू देणं

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ट्रे कडक दिसतो, चमकतो, पेटी रिकामी वाट पाहत असते. पण त्यात अजून स्टायरीन आहे. बंद पेटीत, बत्तीस अंशांच्या उबेला ते सतत बाहेर पडत राहतं आणि साप चोवीस तास त्यावर तोंड टेकून असतो. त्याला उठून खिडकी उघडता येत नाही.

उष्णता दिली की पिकण्याचा वेग वाढतो. या धंद्यात सर्वसाधारण नियम असा की साध्या तापमानाला एक दिवस ठेवल्यावर ४० अंशांना १६ तास. घरी भट्टी नसते. मी ट्रे पत्र्याच्या शेडमध्ये, पत्र्याला जवळ, आठ दिवस ठेवला. दुपारी तिथे चाळीसच्या वर पारा जातो. नंतर दोन आठवडे उघड्या हवेत, सावलीत. मधे तीन वेळा त्यात भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि ओतून दिलं.

पिकला की नाही हे पाहायच्या दोन परीक्षा आहेत. पहिली, अ‍ॅसिटोन लावलेलं फडकं मागच्या बाजूला आणि काठावर अर्धा मिनिट घासा. पृष्ठभाग मऊ किंवा चिकट झाला तर ट्रे कच्चा आहे, परत शेडमध्ये. दुसरी, ट्रेवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधून दोन दिवस उन्हाच्या खोलीत ठेवा. मग एक कोपरा उचलून वास घ्या. तुमच्या नाकाला महिनाभरात त्या वासाची सवय झालेली असते, म्हणून त्या कामाच्या आसपास न फिरकलेल्या माणसाला बोलवा. माझ्या बाबतीत ते काम आईने केलं. पहिल्यांदा ती म्हणाली, “अजून दुकानासारखा वास येतो.” मला काहीच येत नव्हता. आणखी दहा दिवस ट्रे बाहेर राहिला.

पेटीत

काठ पेटीच्या आतल्या पट्ट्यांवर टेकू द्या, पण चिकटवू नका. ट्रे बाहेर यायलाच हवा. भिंत आणि काठ यांच्यातली फट बुजवायची असेल तर मत्स्यालयाचं सिलिकॉन. न्हाणीघरासाठी विकतात त्यात बुरशीनाशक असतं, ते नको. हीटिंग पॅड ट्रेच्या खाली ठेवू नका. फायबरमधून उष्णता नीट जात नाही, पॅड तापत राहतो आणि वर साप गारच. उष्णता वरून किंवा बाजूच्या भिंतीवरून, थर्मोस्टॅट लावून द्या, आणि दिवा ट्रेच्या काठापासून दूर ठेवा.

सोडणांचा चुरा सहा-सात सेंटिमीटर भरा. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहील असं पाणी कोपऱ्यांतून ओता. पोटाखाली कायम ओल राहिली तर सापाच्या खवल्यांना फोड येतात. भरलेला ट्रे उचलायला दोन माणसं लागतात. धुवायचा तर अंगणातल्या नळावर, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, म्हणून नंतर हात साबणाने धुवा.

पावसाळ्यात दर महिन्याला ट्रे ओढून खालच्या प्लायवर हात फिरवा. गार लागलं तर दिवसभर उघडं ठेवा, टॉर्चने कोपरे बघा. माझ्या पेटीचा नवा तळ आता तीन पावसाळे कोरडा आहे.